डावीकडची शीर

माझे धाकटे मामा देवासला राहतात. वय ७८. आवाज अजून खणखणीत, त्यामुळे गणपतीचे दहा दिवस आरतीचा सूर तेच धरतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३५ वर आले, ते अंगणात चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितले. आम्ही त्यांना इंदूरला आणले. काम तासाभराचे, भूल फक्त जागेपुरती, तिसऱ्या दिवशी घरी, असे सगळ्यांनी सांगितले होते. बहुतेकांच्या बाबतीत ते तसेच असते.

मामा अडीच तासांनी बाहेर आले आणि पेसमेकर बसलेला नव्हता. डाव्या कॉलरबोनखाली छेद घेऊन शिरेतून सोडलेली तार छातीत उजवीकडे वळायला हवी होती. ती पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूने सरळ खाली उतरली. हृदयात पोचली, पण मागच्या दाराने, आणि तिथून हव्या त्या कप्प्यात काही केल्या जाईना. शेवटी डॉक्टरांनी काम थांबवले आणि दोन दिवसांनी उजव्या बाजूने नव्याने केले. डाव्या जखमेत रक्त साकळले ते वेगळेच. तीन दिवसांचे बारा दिवस झाले.

डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवले. म्हणाले, "यांना डाव्या बाजूला एक जादा महाशीर आहे, जन्मापासूनची. याआधी कधी कोणी सांगितलं होतं का?"

घरच्यांनी माना हलवल्या. आणि त्याच क्षणी मला आठवले. सांगितले होते. तेरा वर्षांपूर्वी मामांचे आतड्याचे ऑपरेशन दुसऱ्या एका गावी झाले, तेव्हा आयसीयूत त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूने एक नळी घातली होती. एक्स-रेत ती भलतीकडे दिसल्याने तिथल्या डॉक्टरांची धांदल उडाली होती, आणि नंतर उलगडा झाल्यावर त्यांनी तो मला आवर्जून सांगितला होता. कारण मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत होतो. मला फार मौज वाटली होती. पुढच्याच आठवड्यात मी ते उदाहरण वर्गात दिले होते. मामांच्या डिस्चार्जच्या कागदावर खाली हाताने लिहिलेली एक ओळही होती. तो कागद देवासच्या घरी लोखंडी ट्रंकेत होता आणि ती माहिती माझ्या डोक्यात होती. दोन्ही ठिकाणी ती सुरक्षित राहिली. जिथे हवी होती, तिथे पोचली नाही.

मामांना हे मी स्वतः सांगितले. ते एवढेच म्हणाले, "अरे, म्हणजे तुला ठाऊक होतं ना?"

या प्रश्नाने मला पुन्हा जुनी पुस्तके उघडायला लावली. एकतीस वर्षे जी शीर मी विद्यार्थ्यांना एक गंमत म्हणून दाखवली, ती गंमत केव्हा राहिली नाही, याचा हा इतिहास आहे.

बुजायचे राहिलेले पात्र

आधी ही शीर काय आहे ते पाहू. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत डोक्याकडचे आणि हातांकडचे रक्त हृदयाकडे आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा असतात, एक डावी आणि एक उजवी. दोघी अगदी जोडीच्या. आठव्या आठवड्याच्या सुमारास दोघींमध्ये एक तिरपी आडवी शीर तयार होते. डावीकडचे रक्त त्या वाटेने उजवीकडे वळते. मग नदीने वाट बदलल्यावर जुन्या पात्राचे जे होते, तेच डाव्या शिरेच्या खालच्या भागाचे होते. तो कोरडा पडतो, आक्रसतो आणि दोऱ्याएवढा उरतो. उजवी मात्र मोठी होते. तीच आपली वरची महाशीर.

दर दोनशे ते तीनशे माणसांत एकाच्या बाबतीत डावे पात्र बुजत नाही. जन्मजात हृदयदोष असलेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त असते. ही शिल्लक राहिलेली डावी महाशीर सहसा हृदयाच्या मागच्या बाजूने फिरून कॉरोनरी सायनस नावाच्या शिरेत उतरते आणि तिच्यामार्फत उजव्या अलिंदातच रिकामी होते. म्हणजे रक्त शेवटी योग्य ठिकाणी पोचते. दम लागत नाही, रंग निळा पडत नाही, काही म्हणजे काही जाणवत नाही. माणूस नव्वद वर्षे जगतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

आमच्या विच्छेदनगृहात वर्षाला बारा-चौदा देह येत. एकतीस वर्षांत साधारण चारशे. त्यांत अशी शीर मी दोनदा पाहिली. हिशेब बरोबर जुळतो. दोन्ही देह वृद्धांचे होते, आणि दोघांच्याही मृत्यूशी त्या शिरेचा काही संबंध नव्हता.

सुश्रुताच्या सातशे शिरा

शिरांची गणती करण्याची हौस फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरांची संख्या सातशे दिली आहे. त्यांतल्या ९८ शिरांना शस्त्र लावू नये असे सांगितले आहे: हातापायांतल्या १६, धडातल्या ३२ आणि मानेच्या वरच्या ५०. रक्तमोक्षण, म्हणजे शीर टोचून रक्त काढणे, ही तेव्हाची मोठी चिकित्सा. त्यामुळे कुठे टोचायचे याइतकेच कुठे टोचायचे नाही हे महत्त्वाचे होते. पुढच्याच अध्यायात शीर चुकीची टोचली जाण्याचे वीस प्रकार नावांनिशी दिले आहेत. उपचारातून होणाऱ्या अपायांची इतकी जुनी आणि इतकी प्रांजळ यादी फार थोड्या परंपरांत सापडेल.

हे ज्ञान आले कुठून, तेही त्याच ग्रंथात आहे. देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री मुरवायचा. मग कुंच्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. विद्यार्थ्याने शास्त्र वाचावे आणि प्रत्यक्षही पाहावे, असा त्याचा आग्रह आहे.

सुश्रुताची एक गोष्ट मला आता वेगळीच भासते. शिरा स्वभावानेच चंचल, माशासारख्या फिरणाऱ्या, म्हणून त्यांच्या बाबतीत पूर्ण तरबेज असा कोणीच नसतो, असे तो म्हणतो. त्याला सुईखालून निसटणारी शीर अभिप्रेत होती. पण शीर आणखी एका अर्थाने चंचल असते: ती प्रत्येक माणसात ठरल्या जागीच असेल असे नाही. सातशेचा आकडा एकदा ग्रंथात गेला की तो सगळ्यांचा होतो. ज्याच्या अंगात सातशे एकावी असेल, त्याच्यासाठी ग्रंथात ओळ नसते.

एकट्या शिरेचा वाद

युरोपात सोळाव्या शतकात एका शिरेवरून मोठा वाद झाला. बरगडीत दुखू लागले, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली, की रक्त काढायचे यावर सगळ्यांचे एकमत होते. काढायचे कोणत्या हाताचे, यावर मात्र नव्हते. एक पक्ष म्हणे दुखऱ्या बाजूच्या हाताचे, दुसरा म्हणे विरुद्ध बाजूच्या. दोन्ही पक्षांकडे जुने ग्रंथ होते.

१५३९ मध्ये आंद्रेयास व्हेसालियस या तरुण शरीरशास्त्रज्ञाने बाझेलहून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. त्याने ग्रंथ बाजूला ठेवून देहाकडे बोट दाखवले. छातीच्या मागच्या भिंतीत अझायगस नावाची एक शीर असते. ग्रीक शब्दाचा अर्थ जू नसलेली, जोडीदार नसलेली. ती उजवीकडून चढते, बहुतेक बरगड्यांमधले रक्त गोळा करते आणि वरच्या महाशिरेला उजवीकडेच मिळते. म्हणून त्याचे म्हणणे होते की दुखणे कोणत्याही बाजूचे असो, रक्त उजव्या कोपराच्या शिरेतून काढावे. शरीरातून रक्त फिरते हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. ते विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवले, आणि मग कोणत्या हाताचा हा वाद आपोआप निरर्थक ठरला. म्हणजे व्हेसालियसचा उपाय चुकीचाच होता. पण शीर प्रत्यक्ष कुठे जाते ते पाहूनच तिला हात लावावा, ही त्याची पद्धत टिकली.

या जोडीदार नसलेल्या शिरेची पुढची गोष्ट दुःखद आहे. खालची महाशीर, जी पोटातून आणि पायांतून रक्त वर आणते, तिचा यकृताजवळचा तुकडा काही थोड्या लोकांत जन्मतःच तयार होत नाही. अशा माणसाच्या शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाचे जवळजवळ सगळे रक्त अझायगस शिरेतून वर जाते; ती अंगठ्याएवढी जाड होते आणि माणूस धडधाकट राहतो. इकडे छातीच्या शस्त्रक्रियांत अझायगस शीर बांधून कापणे हे नेहमीचे काम. बाकी सगळ्यांना ते चालते. १९५१ मध्ये एफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापली. शस्त्रक्रियेत ती शीर बांधली गेली आणि रुग्ण दगावला. खालच्या महाशिरेचा तो तुकडा त्याला नव्हताच. नेहमीचे काम नेहमीसारखेच केले होते. आपल्या हातून झालेला मृत्यू स्वतः लिहून छापणाऱ्या त्या शल्यविशारदांमुळे पुढचे कितीतरी रुग्ण वाचले असतील.

मार्शलने पाहिलेली घडी

डावीकडच्या शिरेकडे परत येऊ. ती काही देहांत सापडते हे जुन्या विच्छेदकांना ठाऊक होते, पण का, ते कळत नव्हते. १८५० मध्ये जॉन मार्शल या लंडनच्या शल्यविशारदाने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्याने गर्भावस्थेतल्या दोन शिरांपासून प्रौढ देहातल्या एका शिरेपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला आणि मग एक साधा प्रश्न विचारला: बुजलेल्या शिरेची काही खूण उरते का?

त्याला खुणा सापडल्या. हृदयाच्या आवरणात, डाव्या फुप्फुसाच्या वाहिन्यांपुढे, एक बारीक घडी असते. आणि डाव्या अलिंदाच्या पाठीवरून तिरपी उतरणारी एक चिमुकली शीर. त्याआधी कितीतरी विच्छेदकांच्या बोटांखालून त्या गेल्या असतील. मार्शलने ओळखले की ही बुजलेल्या पात्राची काठावरची रेघ आहे. म्हणजे ती डावी शीर आपल्या सगळ्यांना होती. बहुतेकांची बुजली, काहींची राहिली. ज्याला आपण विकृती म्हणतो, ती पुष्कळदा आपलीच जुनी अवस्था असते. ती घडी आणि ती शीर आजही मार्शलच्याच नावाने ओळखल्या जातात. गंमत अशी की हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या एका आजारात या बुजलेल्या शिरेच्या अवशेषातूनही चुकीचे विद्युतसंदेश निघू शकतात, हे अलीकडे कळले आहे, आणि काही केंद्रांत त्या चिमुकल्या शिरेत अल्कोहोल सोडून तिला शांत करतात.

मार्शलने इतर प्राण्यांचीही तुलना केली होती. सशाला आणि उंदराला दोन्ही बाजूंच्या वरच्या महाशिरा जन्मभर असतात. त्यांच्यात तो दोष नाही, नेम आहे. हत्तीलाही दोन असतात. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिताना ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मामांना मी हे सांगितले तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते मोकळे हसले.

एक मात्र लक्षात घ्यायला हवे. १८५० मध्ये हे ज्ञान शुद्ध कुतूहलाचे होते. जिवंत माणसात ही शीर आहे की नाही ते पाहण्याचा मार्ग नव्हता, आणि पाहण्याचे कारणही नव्हते. तिच्यातून रक्ताखेरीज दुसरे काहीच जाणार नव्हते.

स्वतःच्या हृदयात नळी

ते बदलले १९२९ च्या उन्हाळ्यात. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या रुग्णालयात व्हेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीच्या उंबरठ्यावरचा डॉक्टर नोकरीला होता. घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या प्रयोगाचे चित्र त्याच्या डोक्यात बसले होते. माणसात हे का जमू नये? वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेचे साहित्य ज्या परिचारिकेच्या ताब्यात होते, ती गेर्डा डिट्झेन मदतीला तयार झाली, पण प्रयोग माझ्यावर कर असे तिने सांगितले. फोर्समानने तिला टेबलावर बांधून ठेवले आणि तिच्या नकळत स्वतःचाच डावा कोपर बधिर करून शीर उघडली. मूत्रमार्गासाठी वापरतात ती बारीक नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली, तशीच हातात लोंबती ठेवून जिना उतरून तो एक्स-रे खोलीत गेला आणि नळीचे टोक उजव्या अलिंदात पोचल्याचे चित्र काढून घेतले.

डावा कोपर! हा तपशील मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला होता आणि त्यावर कधी थांबलो नव्हतो. त्याला डावी महाशीर असती तर नळी कण्याच्या डाव्या बाजूने उतरली असती, हृदयाच्या पाठीमागच्या नाजूक कॉरोनरी सायनसमध्ये शिरली असती, आणि एकट्याने उभ्या असलेल्या त्या तरुणाला आपण कुठे पोचलो ते कळलेही नसते. दोनशे-तीनशेत एक ही शक्यता तशी लहान. पण त्याने ती मोजलेली नव्हती, कारण मोजण्यासारखे काही आहे हेच कोणाला वाटत नव्हते.

फोर्समानला शाबासकीऐवजी टीका मिळाली. तो पुढे मूत्ररोगांकडे वळला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी चाळीसच्या दशकात ही पद्धत सुरक्षित आणि उपयोगी करून दाखवली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले.

शिरांचे रस्ते झाले

त्यानंतरची वर्षे फार वेगाची होती. १९५२ मध्ये रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यविशारदाने कॉलरबोनखालची मोठी शीर सुईने कशी गाठायची ते लिहिले. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर याने सुईतून आधी बारीक तार आणि मग तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज जगभरातल्या आयसीयूत बसणारी जवळजवळ प्रत्येक सेंट्रल लाइन त्याच युक्तीने बसते. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेमूर फर्मन याने शिरेतून तार नेऊन हृदयाला आतून विजेचे ठोके दिले. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर आला. तीस वर्षांत शिरा रक्ताबरोबरच डॉक्टरांच्याही येण्याजाण्याचे रस्ते झाल्या.

आणि मग जिवंत माणसांत ती डावी शीर सापडू लागली. १९५४ मध्ये लंडनच्या मॉरिस कॅम्बेल आणि डॉइशार यांनी फक्त डाव्या महाशिरेवर एक सविस्तर लेख लिहिला. १९६५ मध्ये रागिब आणि त्यांच्या मिनेसोटातल्या सहकाऱ्यांनी एक वेगळा, धोक्याचा प्रकार वर्णिला: कॉरोनरी सायनस तयारच होत नाही आणि डावी महाशीर थेट डाव्या अलिंदात उघडते. शतकभर कपाटात पडलेला मार्शलचा निबंध एकदम कामाचा झाला.

अपाय होतो तो कसा

यांतले प्रकार समजून घेणे अवघड नाही.

पहिला, मामांच्या आयसीयूतला. मानेच्या डाव्या बाजूने घातलेली नळी एक्स-रेत हृदयाच्या डाव्या कडेने उतरताना दिसते. अगदी असेच चित्र नळी चुकून मोठ्या धमनीत गेल्यावरही दिसू शकते. डॉक्टर घाबरून ती काढतात, दाब देतात, नव्याने टोचतात. नळीतले रक्त तपासले आणि तिच्यातला दाब मोजला की ती शिरेत आहे की धमनीत, ते कळते. पण गंभीर रुग्णाजवळ मध्यरात्री तेवढी उसंत असतेच असे नाही.

दुसरा, तार किंवा नळी कॉरोनरी सायनसमध्ये रुतण्याचा. ही शीर पातळ भिंतीची आणि हृदयाच्या विद्युतवाहिन्यांच्या शेजारची. तिथे खुडबुड झाली की ठोके बिघडतात, रक्तदाब कोसळतो, आणि क्वचित भिंत फाटून हृदयाच्या आवरणात रक्त भरते.

तिसरा, पेसमेकरचा. कॉरोनरी सायनसच्या तोंडातून बाहेर पडणारी तार अशा कोनात येते की खालच्या कप्प्याची झडप तिच्या पाठीकडे राहते. तिला वळसा घालून मागे फिरवावे लागते. अनुभवी हाताला ते जमते, नेहमी नाही. काही माणसांत डावी महाशीर असते आणि उजवी नसतेच. तिथे उजवीकडून करू असे म्हणण्याचीही सोय उरत नाही.

चौथा, हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतला. हृदय थांबवण्यासाठी कॉरोनरी सायनसमधून उलटे औषध सोडण्याची एक पद्धत आहे. डावी महाशीर असेल तर औषध तिच्यातून वर निघून जाते आणि हृदयाच्या स्नायूला संरक्षण मिळत नाही. आधी माहीत असेल तर शल्यविशारद वेगळी योजना करतो.

पाचवा, रागिब यांनी सांगितलेल्या प्रकारातला. डाव्या हाताच्या सलाईनमधला हवेचा बुडबुडा एरवी फुप्फुसात अडकून विरतो. शीर डाव्या अलिंदात उघडत असेल तर तोच बुडबुडा, किंवा रक्ताची बारीक गुठळी, सरळ मेंदूकडे जाऊ शकते. साध्या सलाईनने पक्षाघात, असे कोडे त्यातून उभे राहते.

आणि हे फक्त वरच्या शिरेचे झाले. काहींना पोटातली खालची महाशीरच दुहेरी असते. पायातली गुठळी वर जाऊ नये म्हणून एका शिरेत जाळी बसवली, तर दुसरी वाट मोकळीच राहते. काहींत डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनीच्या पुढून जाण्याऐवजी मागून जाते. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत तिला नकळत धक्का लागला तर मोठा रक्तस्राव होतो. सगळ्यांची जातकुळी एकच. शरीराने आपली सोय आपण लावून घेतलेली असते. अडचण येते ती बाहेरून येणारा माणूस नेहमीच्या नकाशावर विसंबतो तेव्हा.

दिलासा एवढा, की आज ही शीर आधी ओळखता येते. साध्या इको तपासणीत कॉरोनरी सायनस फुगलेला दिसला की शंका घ्यावी. मग डाव्या हाताच्या शिरेतून बारीक बुडबुडे मिसळलेले सलाईन देतात. ते उजव्या अलिंदाच्या आधी कॉरोनरी सायनसमध्ये चमकले की निदान झाले. सी.टी. स्कॅनमध्ये तर ती स्पष्टच दिसते. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही बातमी भलत्याच तपासणीत, अहवालाच्या शेवटच्या ओळीत मिळते. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही नाही. ते खरेच असते. आपण निर्धास्त होतो आणि कागद ट्रंकेत जातो.

ट्रंकेतला कागद

माझी चूक मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावून सांगत राहिलो. तेरा वर्षे झाली होती, गाव वेगळे, रुग्णालय वेगळे, ऑपरेशन वेगळे. पण खरे कारण तेवढे नव्हते. माझ्या लेखी ती शीर विच्छेदनगृहातली होती. मार्शलसारखाच मीही तिच्याकडे कुतूहलाने पाहत होतो, १८५० मध्ये उभा राहून. १९२९ नंतर ती रस्ता झाली आहे हे मी वर्गात शिकवले होते. मामांच्या बाबतीत ते मला सुचले नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना एक वाक्य सांगायचे होते.

आपल्या घरांत मधुमेह, रक्तदाब, औषधाची ॲलर्जी यांची नोंद आता बरीच नीट ठेवली जाते. तिच्यात आणखी एक रकाना हवा, शरीराच्या घडणीतल्या वेगळेपणाचा. अहवालात जादा शीर, दुहेरी शीर, वेगळ्या वाटेने जाणारी शीर असे काही लिहिलेले असेल, तर ते निरुपद्रवी आहे म्हणून विसरू नये. घाबरण्याचेही कारण नाही. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला, विशेषतः कोणतीही नळी किंवा तार आत जाणार असेल तेव्हा, ते आपण होऊन सांगावे. आपली मुले आज पुण्यात, बंगळुरात, परदेशात आहेत. आपल्याला रुग्णालयात नेणारा कदाचित शेजारी असेल. त्याला ट्रंकेची किल्ली कुठे आहे ते ठाऊक नसते.

आपल्या मंडळाच्या महाआरतीला सहज पाचशे माणसे जमतात. हिशेबाने त्यांत दोघा-तिघांच्या छातीत ही डावीकडची शीर शांतपणे वाहत असणार. त्यांना ती कधी त्रास देणार नाही, आणि बहुधा कधी कळणारही नाही.

मामांनी आता एक कार्ड करून घेतले आहे. पेसमेकरचे कार्ड एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात दोन ओळी: डावी वरची महाशीर आहे, उजवीही आहे. प्लॅस्टिकमध्ये घालून ते त्यांनी पाकिटात, गणपतीच्या लहानशा फोटोच्या मागे ठेवले आहे. परवा दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, तर तिथेही त्यांनी ते काढून दाखवले. डॉक्टर म्हणाले, काका, दाताला याची गरज नाही. मामा म्हणाले, "नसू द्या. सांगून ठेवलेलं बरं. आमच्या घरात एकाला माहीत होतं, तो बोलला नाही."